‘चॉसर’ : एका आडनावाची कुळकथा

जेफ्री चॉसर या कवीच्या आडनावाची व्युत्पत्ती सहसा एका वाक्यात आटोपली जाते. जुन्या फ्रेंचमध्ये पायमोजे व पादत्राणे तयार करणाऱ्यास जो शब्द होता, त्यापासून ‘चॉसर’ बनले. सबब कवीचे पूर्वज हा व्यवसाय करीत असले पाहिजेत. यातील व्युत्पत्ती निर्विवाद आहे. या शब्दाच्या आजच्या फ्रेंच रूपांत आरंभी ‘श’ उच्चारला जातो. इंग्रजी आडनावाने मात्र तेराव्या शतकापूर्वीचा जुना ‘च’ जपून ठेवला आहे. व्युत्पत्तीवरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून पाहण्याजोगा आहे.

१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडमध्ये व्यक्तिनामास गावाचे, धंद्याचे किंवा पित्याचे नाव जोडण्याची प्रथा वाढली. परंतु असे उपनाम म्हणजे आडनाव नव्हे. ते त्या व्यक्तीपुरते असे, आणि एकाच व्यक्तीस अनेक उपनामे असण्यातही कोणास वावगे वाटत नसे. जमीनदार घराण्यांत ते लवकर वंशपरंपरागत झाले. नगरवासी व्यापाऱ्यांत ही स्थिरता यावयास चौदावे शतक उजाडावे लागले.

कवीचा आजा रॉबर्ट हा या संक्रमणकाळाचा उत्तम नमुना होय. हे कुटुंब मूळचे सफोक परगण्यातील इप्सविचचे. रॉबर्टचा पिता अँड्र्यू याची ओळख ‘डिनिंग्टनचा’ अशी, म्हणजे गावावरून होती. खुद्द रॉबर्ट कागदपत्रांत कोठे ‘मॅलिन’, कोठे ‘डिनिंग्टनचा’, तर कोठे ‘ल चॉसर’ म्हणून आढळतो. यातील शेवटचे नाव त्याला वडिलांकडून आलेले नाही. लंडनमधील कापडाचा व्यापारी जॉन ल चॉसर याच्या पदरी तो होता. १३०२ मध्ये हा धनी एका मारामारीनंतर मरण पावला आणि त्याचे नाव रॉबर्टने पुढे चालविले, असे अभ्यासकांचे मत आहे. हे मत ग्राह्य धरले, तर ज्या शब्दावरून कवीच्या पूर्वजांचा धंदा ठरविला जातो, तो शब्द रक्ताच्या नात्याने आलेलाच नाही. शिवाय ज्याच्याकडून तो आला, तोही पादत्राणे करणारा नव्हता! कवीच्या कुटुंबाचा खरा व्यवसाय मद्याच्या व्यापाराचा.

आडनाव अस्थिर असले, तरी मालमत्तेचा वारसा तसा नव्हता. १३२४ मध्ये कवीचा पिता जॉन, वयाने लहान असताना, त्याच्या आत्याने पळवून नेला. आपल्या मुलीशी त्याचे लग्न लावून इप्सविचची मालमत्ता घरातच ठेवावी, हा तिचा हेतू होता. तो तडीस गेला नाही. तिला तुरुंगवास घडला आणि २५० पौंड दंड झाला, जी त्या काळी फार मोठी रक्कम होती. पुढे हाच जॉन लंडनमधील सधन मद्यव्यापारी झाला. ‘चॉसर’ हे पित्याकडून पुत्राकडे जाणारे नाव या कुटुंबात खऱ्या अर्थाने रुजले, ते त्याच्यापासूनच.

रुजले, पण फार काळ टिकले नाही. कवी १४०० मध्ये वारला. त्याचा मुलगा टॉमस पाच वेळा कॉमन्स सभेचा सभापती झाला. परंतु पित्याच्या कुलचिन्हाऐवजी त्याने आईकडील रोएट घराण्याची तीन चाके स्वीकारली. मावशी कॅथरीन ही लँकेस्टरच्या ड्यूकची पत्नी आणि राजा चौथा हेन्री याची सावत्र आई, हे पाहता या निवडीचे नवल वाटत नाही. १४३४ मध्ये टॉमस वारला तेव्हा त्याला पुत्र नव्हता. एकुलती कन्या ॲलिस सफोकच्या ड्यूकची पत्नी झाली. १४७५ मध्ये ती मरण पावली. ऑक्सफर्डशरमधील यूएल्मच्या चर्चमध्ये तिची भव्य समाधी आहे. तिचा नातू, लिंकनचा अर्ल जॉन, हा राजा तिसरा रिचर्ड याचा संभाव्य वारस समजला जात होता. १४८७ मध्ये स्टोकच्या लढाईत तो पडला. इप्सविचच्या व्यापारी कुळाचे रक्त असे सिंहासनाच्या पायरीपर्यंत पोहोचले. त्या तरुणाचे आडनाव मात्र ‘द ला पोल’ होते.