किकला पाच, टचडाउनला दोन

१८८३ साली अमेरिकेतल्या कॉलेजांनी आपल्या फुटबॉलसाठी पहिल्यांदा आकड्यांत गुण ठरवले. खेळ चालू असताना चेंडूला किक मारून तो दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून पलीकडे पाठवला तर पाच गुण. चेंडू छातीशी धरून समोरच्यांची गोलरेषा ओलांडली, म्हणजे टचडाउन केला, तर फक्त दोन. त्या टचडाउननंतर मिळणारी किक साधली तर वर आणखी चार. आज त्याच खेळात टचडाउनला सहा गुण आहेत, मैदानी किकला तीन आणि टचडाउननंतरच्या किकला अवघा एक. कोष्टक पार उलटं झालं आहे. हाताने फेकायच्या आणि हातात धरून पळायच्या या खेळाला फुटबॉल का म्हणतात, याचं निम्मं उत्तर मला या दोन कोष्टकांत दिसतं. नाव पडलं तेव्हा सामना पायाने जिंकला जात होता.

चेंडू एक फूट लांब असतो म्हणून फुटबॉल, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. आजचा चेंडू अकरा इंचांहून जेमतेम थोडा लांब भरतो, आणि अमेरिकन कॉलेजांत हे नाव रुळलं तेव्हा तिथला चेंडू चक्क गोल होता.

उरलेलं निम्मं उत्तर शोधायला इंग्लंडात जावं लागतं. डर्बीशायर परगण्यातल्या अ‍ॅशबोर्न गावात दर वर्षी लेंट उपवासाच्या तोंडावर दोन दिवस एक खेळ होतो. गावातल्या ओढ्याच्या अलीकडचे एका बाजूला, पलीकडचे दुसऱ्या बाजूला. दोन गोल एकमेकांपासून जवळजवळ तीन मैलांवर. शेकडो माणसांचा घोळका चेंडूभोवती गच्च दाटतो आणि रस्त्यांतून, शेतांतून, पाण्यातून त्याला रेटत नेतो. चेंडू बहुतेक वेळ कुणाच्या तरी मिठीत असतो, पाय क्वचितच लागतो. तरी या खेळाचं नाव फुटबॉलच आहे. १३१४ साली लंडनच्या महापौरांनी शहरात बंदी घातली ती अशाच दांडगाईवर. म्हणजे चेंडूला फक्त पायच लावायचा, असं वचन या नावाने मुळात कधी दिलंच नव्हतं.

ईटन, हॅरो, रग्बी, विंचेस्टर अशा इंग्लिश शाळांनी हा दांडगा खेळ आपापल्या आवारात आणला आणि प्रत्येकीने आपले नियम केले. रग्बी शाळेत चेंडू उचलून पळता येई. तिथल्या मुलांनी १८४५ साली नियम लिहून काढले. २६ ऑक्टोबर १८६३ ला लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांची माणसं एक सामाईक नियमावली करायला जमली आणि फुटबॉल असोसिएशन जन्माला आलं. त्यांच्या पहिल्या मसुद्यात चेंडू घेऊन पळायला मुभा होती! पुढच्या बैठकांत ती काढली गेली, प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारायची सवलतही गेली, आणि ती हवीच म्हणणारा ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. एवढं होऊनही १८६३ च्या त्या नियमांत चेंडू हवेत झेलायला परवानगी राहिलीच. आपण ज्याला बिनदिक्कत फुटबॉल म्हणतो, त्या खेळातही सुरुवातीला साऱ्या खेळाडूंचे हात मोकळे होते.

फुटबॉल हे तेव्हा एका मोठ्या घराण्याचं आडनाव होतं. असोसिएशन फुटबॉल हा एक भाऊ, रग्बी फुटबॉल हा दुसरा. याचा एक पुरावा आपल्या देशातलाच आहे. १८७३ च्या जानेवारीत स्थापन झालेला कलकत्ता फुटबॉल क्लब खेळायचा रग्बी. काही वर्षांत सभासद रोडावले, पोलो आणि टेनिस पुढे सरसावले आणि क्लब गुंडाळायची वेळ आली. तेव्हा त्यांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवले आणि एक चषक घडवून १८७८ साली लंडनच्या रग्बी संघटनेला भेट दिला. तीन मुठींच्या जागी तीन नाग, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून या कलकत्ता कपासाठी रग्बी खेळत आले आहेत. क्लबच्या नावात फुटबॉल आणि मैदानावर रग्बी, यात त्या काळी कुणालाच विसंगती वाटत नव्हती.

हेच आडनाव अटलांटिक ओलांडून गेलं. ६ नोव्हेंबर १८६९ ला न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक इथे रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांची गाठ पडली. अमेरिकन फुटबॉलचा इतिहास या सामन्यापासून मोजतात. दोन्हीकडे पंचवीस-पंचवीस खेळाडू. आपला-परका ओळखू यावा म्हणून रटगर्सच्या मुलांनी डोक्याला लाल फडकी बांधलेली. चेंडू गोल. तो हाताने टोलवता येई, पण उचलून पळायला सक्त मनाई. रटगर्सने ६-४ असा सामना जिंकला. आजच्या अमेरिकन प्रेक्षकाला तिथे नेऊन बसवलं, तर आपला खेळ त्याला ओळखूच येणार नाही.

मग हात आला कुठून? हार्वर्डकडून, आणि तेही कॅनडाच्या वाटेने. हार्वर्डची मुलं ‘बॉस्टन गेम’ नावाचा आपला वेगळा प्रकार खेळत. त्यात पाठलाग होत असेल तर चेंडू घेऊन पळता येई. बाकीच्या कॉलेजांनी केलेले किकचे नियम त्यांनी नाकारले, त्यामुळे खेळायला जोडीदार उरेना. शेवटी माँट्रिअलहून मॅकगिल विद्यापीठाचा संघ आला. १४ मे १८७४ ला हार्वर्डच्या नियमांनी सामना झाला, दुसऱ्या दिवशी मॅकगिलच्या, म्हणजे रग्बीच्या नियमांनी, लांबट चेंडूने. दुसरा सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला, पण हार्वर्डची मुलं त्या खेळाच्या प्रेमातच पडली. दोन वर्षांत येल, प्रिन्स्टन आणि कोलंबियाही वळली. २३ नोव्हेंबर १८७६ ला स्प्रिंगफील्डमधल्या मॅसासॉइट हाउस हॉटेलात या चार कॉलेजांची मुलं जमली आणि थोडेफार फेरफार करून त्यांनी रग्बीचे नियम स्वीकारले. खेळ अख्खा बदलला, पण नाव बदलायचं कारणच नव्हतं, कारण रग्बी हाही फुटबॉलच होता. त्या नियमांत एक गोल चार टचडाउनच्या बरोबरीचा धरला होता.

पुढचं काम येलच्या वॉल्टर कॅम्पचं. १८८० मध्ये त्याने चेंडूसाठीची झोंबाझोंबी काढून चेंडू एका संघाच्या ताब्यात दिला आणि खेळाडू अकरावर आणले. यातून एक भलतीच अडचण उभी राहिली. १८८१ मध्ये प्रिन्स्टनने पूर्वार्धभर चेंडू धरून ठेवला, येलने उत्तरार्धभर, आणि सामना शून्य-शून्य. म्हणून १८८२ पासून तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू सोडा, असा नियम झाला. ते पाच यार्ड मोजायला मैदानावर आडव्या रेघा मारल्या. मैदान मांस भाजायच्या जाळीसारखं दिसू लागलं आणि खेळाला ‘ग्रिडआयर्न’ हे टोपणनाव चिकटलं.

यापुढचा प्रवास मला सगळ्यात विलक्षण वाटतो. अंगावर अंग घालून रेटारेटी करताना पोरं मरू लागली. ऑक्टोबर १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितलं. १९०६ मध्ये घोळका फुटावा म्हणून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. फेकायचा म्हटल्यावर चेंडू मुठीत नीट बसायला हवा. म्हणून १९१२ आणि १९३४ च्या नियमांनी त्याचा घेर कमी केला, टोकं निमुळती झाली.

आणि तिथेच पायाचा एक हुन्नर बुडाला. ड्रॉप किकमध्ये चेंडू हातातून सोडायचा, तो जमिनीवर टप्पा घेऊन वर येऊ लागला की त्याच क्षणी त्याला पाय लावायचा. जाड, गोलसर टोकाचा चेंडू सरळ उसळे. निमुळत्या टोकाचा चेंडू टेकल्यावर कुठे जाईल याचा नेम नसतो. हाताच्या सोयीसाठी चेंडू बदलला आणि पायाची ही किक मैदानातून हद्दपार झाली, पण नियमपुस्तकात राहिली. १ जानेवारी २००६ ला न्यू इंग्लंड पेट्रिअट्सचा ४३ वर्षांचा डग फ्लूटी टचडाउननंतरच्या किकसाठी उभा राहिला. जन्मभर चेंडू फेकण्यावर पोट असलेला क्वार्टरबॅक! त्याने चेंडू सोडला, टप्पा पडू दिला आणि खांबांमधून पार केला. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये १९४१ नंतर साधलेली ही पहिली ड्रॉप किक.

दरम्यान असोसिएशन फुटबॉल हा भाऊही अमेरिकेत स्थिरावला होता, पण आडनाव आधीच कुणाच्या तरी मालकीचं झालेलं. त्याला तिथे मिळालेलं ‘सॉकर’ हे नाव अमेरिकनांनी घडवलेलं नाही. ऑक्सफर्डच्या मुलांनी ‘असोसिएशन’ला लाडाने दिलेलं ते रूप, जसं रग्बीचं ‘रगर’. अमेरिकेतली सॉकरची संघटना १९१३ मध्ये स्थापन झाली ती युनायटेड स्टेट्स फुटबॉल असोसिएशन या नावाने. १९४५ मध्ये नावात ‘सॉकर’ आणि ‘फुटबॉल’ दोन्ही शब्द आले, आणि १९७४ मध्ये त्यातून ‘फुटबॉल’ गळलं. ऑस्ट्रेलियात नेमकं उलट झालं. तिथल्या संघटनेने २००५ मध्ये ‘सॉकर’ सोडून ‘फुटबॉल’ घेतलं. मात्र राष्ट्रीय संघ अजूनही ‘सॉकरूज’ म्हणवतो, आणि मेलबर्नमध्ये कुणी ‘फुटी’ बघायला निघालं असेल तर ते १८५९ साली तिथेच नियम लिहिल्या गेलेल्या, लांबट चेंडूच्या तिसऱ्याच खेळाला निघालेलं असतं.