बाथरूममधलं भूत आणि दोन स्विच

आमच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या बाथरूममध्ये भूत आहे, असं फर्स्ट इयरला आल्या आल्या सिनियर्सनी सांगितलं होतं. रात्री स्विच बंद केला तरी एलईडी बल्ब मंद मिणमिणत राहायचा. आम्ही घाबरलो वगैरे नाही, पण रात्री दोघी-दोघी जायला लागलो एवढं खरं.

खरी तक्रार मात्र वेगळी होती. दिवा आणि एक्झॉस्ट फॅन एकाच स्विचवर. बाहेर पडताना शहाणी मुलगी दिवा बंद करते, त्याबरोबर पंखाही बंद! वाफ आतच कोंडते. छताला बुरशी आणि रंगाचे पोपडे. शेवटी रेक्टर मॅडमनी वायरमनकाकांना बोलावलं, आणि इलेक्ट्रिकलची म्हणून मला टॉर्च धरायला उभं केलं. दिवा किंवा स्विच बदलणं वेगळं; वायरिंग बदलायला नियमाने लायसन्सवालाच माणूस लागतो, तेव्हा टॉर्चच बरा.

"काका, एका स्विचवर लोड जास्त होतो का?" मी हुशारी दाखवली. काकांनी हिशोब माझ्याकडूनच करून घेतला. बल्ब 9 वॅट, पंखा 40 वॅट, भागिले 230 व्होल्ट, म्हणजे साधारण 0.2 अँपियर. स्विच 6 अँपियरचा. लोडचा प्रश्नच नाही.

मग त्यांनी स्विच बंद केला, बल्ब काढला आणि होल्डरच्या पिनेला टेस्टर लावला. टेस्टर पेटला! काका एकदम गप्प झाले. स्विच फेजवर हवा, इथे तो न्यूट्रलवर होता. असा स्विच बंद केला की दिवा विझतो, पण फेज होल्डरपर्यंत आणि पंख्यापर्यंत तशीच उभी असते. वायर आणि भिंत यांच्यामधल्या कपॅसिटन्समधून थोडासा करंट वाहतो. जुन्या पिवळ्या बल्बला तो कळलाही नसता, एलईडीला मिणमिणायला पुरतो. हेच आमचं भूत.

आणि सफाईच्या मावशी दर महिन्याला स्विच बंद करून, ओल्या फरशीवर स्टूल ठेवून, ओल्या फडक्याने तो पंखा पुसायच्या. हे आठवलं तेव्हा माझ्या हातातला टॉर्च हलला.

काकांनी एमसीबी पाडला आणि तिथे एका मुलीला बसवलं. हॉस्टेलमध्ये "लाईट का गेली?" म्हणत कोणीही येऊन तो वर करेल म्हणून. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासला, मग इथल्या वायरींना लावला, मग पुन्हा सॉकेटवर. टेस्टरच बिघडलेला असेल तर तो न पेटण्याला काही अर्थ नाही ना!

चूक बाहेरच्या जंक्शन बॉक्समध्ये सापडली. कोणीतरी लाल वायर काळीला आणि काळी लालला जोडली होती. ती सरळ केल्यावर फेज बोर्डाकडे आली आणि न्यूट्रल थेट वर गेला.

त्यानंतरचं काम म्हणजे खरं तर एकच जादा वायर. बोर्डात रिकाम्या जागी दुसरा स्विच बसवला. पहिल्या स्विचची फेज छोट्या तुकड्याने दुसऱ्याला दिली. स्विचपासून वर जाणारी जुनी वायर पाईपमधून ओढून काढताना तिच्याच टोकाला दीड एमएमच्या दोन नव्या वायरी बांधल्या, त्यामुळे भिंत फोडावी लागली नाही. वर एक दिव्याला, दुसरी पंख्याला. न्यूट्रल दोघांना मिळून एकच राहिला तरी चालतो, कारण सर्किट तेच आहे. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल मात्र इथे आणायचा नाही. एका सर्किटचा एमसीबी पाडला तरी त्या न्यूट्रलमधून दुसऱ्याचा करंट वाहत असतो.

शेवटी दोन्ही स्विच बंद करून होल्डरला आणि पंख्याच्या जोडाला पुन्हा टेस्टर लावला. पेटला नाही. मग काकांनी खाली उतरून बाकीच्या सगळ्या बाथरूमचेही होल्डर तपासले. आणखी दोन तसेच निघाले.

आता आंघोळीनंतर पंखा पंधरा मिनिटं चालू ठेवतो. त्याच्या स्विचवर आम्ही लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. मिणमिणणं थांबलंय, त्यामुळे सिनियर्स जरा नाराज आहेत.