बदली ठरते ती एप्रिलमध्ये

बदल्यांच्या दिवशी भंडारा जिल्हा परिषदेच्या सभागृहात सगळ्यांचे डोळे एका पडद्यावर खिळलेले असतात. पडद्यावर रिक्त जागांची यादी. मंचावर मुख्य कार्यकारी अधिकारी आणि विभागप्रमुख, खाली मे महिन्याच्या उकाड्यात घामेजलेल्या आरोग्यसेविका. कूलर नुसताच घोंघावतो. ज्येष्ठतेच्या क्रमाने नाव पुकारलं जातं. एकजण उठून पुढे येते. घरून लिहून आणलेल्या चिठोऱ्यावरची तिची गावं एव्हाना एकेक करून खोडली गेलेली असतात.

"सिहोरा उरलं का जी?"

"गेलं मॅडम, आत्ताच."

मग नाकाडोंगरी की बारव्हा, म्हणजे मध्य प्रदेशाच्या सीमेकडे जायचं की लाखांदूर तालुक्यात, एवढाच सवाल उरतो. मागच्या रांगेतून नवरा बोटाने खुणावतो. ती गाव सांगते, पसंतीच्या नमुन्यावर सही करते, पडद्यावरची ती ओळ रंगते. लगेच पुढचं नाव. पुढच्या काही वर्षांचा संसार दोन-तीन मिनिटांत ठरून जातो.

माझी सगळी नोकरी आस्थापनेच्या टेबलावर गेली, त्यामुळे हा उघडपणा मला मनापासून आवडतो. पूर्वी बदल्यांच्या मोसमात आमच्या टेबलावर फायलींपेक्षा शिफारशीच जास्त असत. कुणा सदस्याचं लेटरहेड, कुणा पुढाऱ्याचा फोन, आणि "तेवढं बघा" असं म्हणत दारात उभा असलेला माणूस. ग्रामविकास विभागाच्या 15 मे 2014 च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषदेच्या गट-क आणि गट-ड कर्मचाऱ्यांच्या बदल्यांना चौकट घालून दिली. सर्वांसमक्ष पडद्यावर रंगलेली ओळ मागच्या दाराने पुसणं सोपं नसतं.

पण बदली खरी ठरते ती सभागृहात नव्हे. एप्रिलमध्ये, वास्तव्य ज्येष्ठतेची, म्हणजे एका ठिकाणी कोण किती काळ आहे याची, यादी तयार होते तेव्हा. पंचायत समित्यांकडून माहिती येते, तिचा मेळ सेवापुस्तकाशी घालायचा असतो. कुठे रुजू दिनांकावर दोनदा गिरवलेलं, कुठे रजेचा काळ नोंदवायचा राहिलेला, कुठे सहीखाली शिक्काच नाही. एका तारखेने माणूस यादीत दहा नावं वर किंवा खाली सरकतो, आणि पसंतीच्या वेळी त्या दहा नावांत चांगली सगळी गावं संपलेली असतात. म्हणून तात्पुरती यादी लागली की भिंतीपाशी गर्दी होते ती त्या एका रकान्यासाठी. हरकती येतात, त्यातल्या बऱ्याच खऱ्याही असतात.

सगळ्यात नाजूक प्रकरण प्रतिनियुक्तीचं. मूळ आदेश दूरच्या उपकेंद्राचा, काम मात्र वर्षानुवर्षं तालुक्याच्या ठिकाणी. कागदावर ही बाई आडवळणाच्या गावात खपते आहे, आणि तिथे प्रत्यक्षात खपणारी तिच्याच बरोबरीने रांगेत उभी. हे दुखणं कुठल्या एका जिल्ह्याचं नाही. यादीला फक्त आदेश दिसतो, हजेरीपट दिसत नाही.

दुसरी गोम रिक्त जागांची. प्रत्येक तालुक्यात रिक्त पदांचं प्रमाण सारखं राहावं म्हणून काही जागा पडद्यावर आणतच नाहीत. शिक्षकांच्या बदल्यांत याला समानीकरण म्हणतात. हेतू रास्त आहे, नाहीतर भंडारा तालुका भरेल आणि लाखांदूर ओस पडेल. मात्र झाकायच्या जागा कुठल्या, हे ठरवण्याचं काम बंद दाराआड होतं. पूर्वीची चिठ्ठी आता तिथे पोहोचू शकते.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना निदान कायद्याचा आधार आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यातून आलेला 2005 चा बदल्यांचा कायदा 1 जुलै 2006 पासून लागू झाला. बदल्या एप्रिल-मेमध्येच करायच्या, मुदतीआधी हलवायचं असेल तर कारण लेखी नोंदवून वरिष्ठांची पूर्वमान्यता घ्यायची, असं त्यात स्पष्ट आहे. पुढे टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2013 मध्ये निकाल दिला आणि 2014 पासून आपल्याकडेही नागरी सेवा मंडळं आली. ही मंडळं शिफारस करतात, निर्णय वरचाच असतो. तरीही शिफारस फिरवली तर ते कागदावर दिसतं, आणि कर्मचारी न्यायाधिकरणात तोच कागद दाखवू शकतो.

जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविकेची सगळी भिस्त शासन निर्णयावर. आणि शासन निर्णय बदलायला विधानसभा लागत नाही. शिक्षकांच्या बदल्यांचंच बघा: धोरण फेब्रुवारी 2017 मध्ये आलं, एप्रिल 2021 मध्ये नवं, जून 2024 मध्ये पुन्हा नवं. दर खेपेला व्याख्या हलल्या की कुणाची तरी आधीची वर्षं हिशेबाबाहेर जातात. 1961 च्या जिल्हा परिषद अधिनियमातच बदल्यांचं एक कलम घालावं, असं माझं मत आहे. प्रतिनियुक्तीचा काळ प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणीच मोजला जावा. झाकलेल्या जागाही कारणासह यादीबरोबरच जाहीर व्हाव्यात. सभागृहात झालेली पसंती नंतर फिरवायची असेल, तर त्याची नोंद सही करणाऱ्याच्या नावानिशी व्हावी.

त्याच कलमात कार्यमुक्तीची मुदतही हवी. कारण आदेश हातात पडला तरी बदली होतेच असं नाही. "पर्यायी कर्मचारी आल्याशिवाय सोडू नये" हा शेरा मारला की जुन्याच गावात पावसाळा जातो. तिकडे नव्या उपकेंद्राची जागा कागदावर भरलेली असते, म्हणून पुढच्या मे महिन्यात ती पडद्यावरही येत नाही.