खात्री नसेल तर काय निवडायचं? कर्नलच्या मेन्यूची गोष्ट

मागच्या भागात आपण लिनक्स कर्नलचा सोर्स उतरवून घेतला. आता 'मेक मेन्यूकॉन्फिग' ही कमांड दिली की निळा पडदा उघडतो. त्यात हजारो पर्याय असतात. बहुतेकांची उत्तरं तीन. 'वाय' म्हणजे ते काम कर्नलच्या पोटातच बसवा, 'एम' म्हणजे वेगळं मॉड्यूल करा, लागेल तेव्हा जोडू, आणि 'एन' म्हणजे नको. तुमची निवड 'डॉट कॉन्फिग' नावाच्या फाइलीत जाते.

आता माझी चूक सांगतो. आमच्या पलटणीतल्या माजी सैनिकांची पेन्शनची कागदपत्रं मी एका जुन्या लॅपटॉपवर ठेवतो. कर्नल हलका करावा म्हणून 'ईएक्सटी४' या फाइल सिस्टिमला मी 'एम' दिला. त्या पर्यायाच्या मदतीत लिहिलं होतं: मॉड्यूल हवं तर एम निवडा, मॉड्यूलचं नाव अमुक असेल, खात्री नसेल तर एन म्हणा. बस. पण माझी मूळ डिस्कच ईएक्सटी४ वर होती! मॉड्यूलची फाइल डिस्कवर, आणि डिस्क उघडायला तेच मॉड्यूल हवं. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच. मध्ये 'इनिटरॅमएफएस' ही सुरुवातीला मेमरीत उतरणारी छोटी फाइल सिस्टिम असती तर निभावलं असतं. ती मी बनवलीच नव्हती. बरं, सल्ला मानून 'एन' म्हटलं असतं तरी मशीन उठलं नसतंच.

दुसऱ्या दिवशी आमच्या एका जवानाची पत्नी कुटुंब पेन्शनच्या कागदांसाठी दोन बस बदलून आली. पडद्यावर 'कर्नल पॅनिक'. जुना कर्नल मी जागा वाचवायला काढून टाकला होता. वहिनी तीन तास बसल्या. शेवटी पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं, डिस्क शाबूत होती, कागद मिळाले. पण त्या तीन तासांची लाज अजून आहे.

ही मदत येते कुठून? 2002 पर्यंत ती सगळी 'कॉन्फिगर डॉट हेल्प' नावाच्या एका मोठ्या फाइलीत होती. 2.5.45 आवृत्तीत 'केकॉन्फिग' आलं आणि मदत त्या त्या पर्यायाशेजारीच लिहायची सोय झाली. ड्रायव्हर लिहिणाराच ती लिहितो. पॅच तपासणारी 'चेकपॅच' ही स्क्रिप्ट मदत फार त्रोटक असेल तर टोकते. पण ती ओळी मोजते, अर्थ मोजत नाही.

फौजेत चौकीवर संत्रीसाठी लेखी आदेश असतात. रात्री दोन वाजता नवा जवानही ते वाचून योग्य तेच करील, असे ते लिहायचे. मदतही तशीच लिहावी. चार प्रश्नांची उत्तरं द्या. हा पर्याय काय करतो? कोणाला लागतो? नाही घेतला तर काय बंद पडेल? आणि खात्री नसेल तर काय, *आणि का*? "अमुक चिपचा आधार चालू करतो" हे नावाचीच पुनरुक्ती आहे. त्याऐवजी लिहा: "तुमची मूळ डिस्क या फाइल सिस्टिमवर असेल आणि इनिटरॅमएफएस वापरत नसाल, तर वायच निवडा, एम किंवा एन दिल्यास मशीन चालू होणार नाही."

वापरणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. पर्यायावर असताना प्रश्नचिन्ह दाबा, मदत उघडते. पर्याय दिसतच नसेल तर तिरकी रेघ दाबून त्याचं नाव शोधा. तो कुठे आहे आणि कशावर अवलंबून आहे, ते कळतं. बहुधा आधीचा एखादा पर्याय बंद असल्यामुळे तो लपलेला असतो. आणि नवा कर्नल नीट चालतोय हे पाहीपर्यंत जुना काढू नका. माघारीची वाट राखून ठेवणं हा भित्रेपणा नव्हे.

पुढच्या भागात 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' पाहू. तोवर एका पर्यायाची मदत वाचा आणि ती आपल्या मराठीत चार ओळींत लिहून बघा. जमली नाही, तर मूळ मदतीतच काय राहून गेलंय, ते सापडेल.

जय हिंद.