मन उठत नसेल, तर आधी पाय उचलू या



आपल्या एका गटातल्या ताई सलग चार बैठकांना आल्या नाहीत. बचत मुलाच्या हाती पाठवायच्या. नोंदवहीत चार वेळा 'गैरहजर' लागलं, नियमाप्रमाणे दंडही बसला. पाचव्या बैठकीत विषय निघाला, "त्यांचं नाव कमी करू या का?" मी तिथंच होते आणि खरं सांगते, मीही मान डोलावली. नंतर घरी गेले तेव्हा कळलं. ताई सकाळी अंथरुणातून उठतच नव्हत्या. चूल पेटवायची म्हटली तरी डोंगर वाटायचा. "आळशी झालेय बघ मी," त्या म्हणाल्या.

तो आळस नव्हता, आजार होता. त्याला नैराश्य म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत डिप्रेशन. ताईंना विचारून, नाव-गाव न देता हे लिहिते आहे.

ओळखायचं कसं?

दुःख सगळ्यांनाच होतं आणि ओसरतंही. पण दोन आठवडे किंवा जास्त काळ, जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर सावध व्हा. सोबत झोप उडणं किंवा फार झोप येणं, भूक मरणं, सतत थकवा, लक्ष न लागणं, 'मी कुणाच्या कामाची नाही' असं वाटणं, हेही दिसतं. आपल्याकडं बायका मनाचं बोलत नाहीत. 'डोकं जड झालंय, अंग दुखतंय' एवढंच सांगतात. तेही ऐकून घ्या.

यात हालचालीचा काय संबंध?

नैराश्याचं एक चक्र असतं. मन उदास म्हणून बाई बाहेर पडत नाही. बाहेर पडत नाही म्हणून माणसं तुटतात, हातून काही झाल्याचं समाधान मिळत नाही. त्यामुळं मन आणखी खचतं. ती म्हणते, "बरं वाटलं की उठेन." पण बरं वाटायची वाट बघण्यातच दिवस जातात. म्हणून उपचारात उलटीकडून सुरुवात करतात. आधी थोडं उठायचं, मन मागून येतं.

ही नुसती समजूत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये हे करून पाहिलं. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटींत ते रुग्णाला मुख्यतः एक गोष्ट शिकवत, सोडून दिलेली आवडीची, गरजेची कामं थोडी थोडी पुन्हा सुरू करणं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, नेहमीच्या उपचाराला ही जोड मिळालेले लोक जास्त प्रमाणात बरे झालेले दिसले. २०२४ मध्ये २१८ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यात चालणं, योगासनं, ताकदीचे व्यायाम आणि नाच यांनी नैराश्य कमी होतं असं आढळलं. नाचावरचे अभ्यास मात्र अजून थोडेच आहेत.

नाचाचा उपचार म्हणून वापर जुना आहे. अमेरिकेत १९४२ पासून मेरियन चेस नावाच्या नृत्यशिक्षिका वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात काम करू लागल्या. जे रुग्ण बोलत नसत, त्यांना त्या गोलात उभं करत आणि त्यांचीच हालचाल आपल्या अंगानं करून दाखवत. 'तू मला दिसतेस' हे शब्दांशिवाय सांगण्याची ती रीत. आपल्या देशात 'कोलकाता संवेद' ही संस्था २००४ पासून अत्याचारातून सुटलेल्या मुली-बायकांसोबत अशा पद्धतीनं काम करते.

"दिवसभर राबतो, ते कमी आहे का?"

हा प्रश्न प्रत्येक गावात येतो, आणि तो खरा आहे. खुरपणी, पाणी, सरपण यांत शरीर हलतंच. पण ते दुसऱ्यासाठी, घाईत आणि बऱ्याचदा एकटीनं. मोकळ्या वेळात, आपल्या इच्छेनं केलेल्या हालचालीचा मनाला जसा फायदा दिसतो, तसा कामाच्या रगाड्यातल्या हालचालीचा दिसत नाही. फरक कष्टाचा नाही, 'ही दहा मिनिटं माझी' या भावनेचा आहे. आठवा, झिम्मा-फुगडी खेळून आल्यावर पाय दुखायचे, पण जीव हलका व्हायचा.

गटात काय करता येईल?

१. आधी घरी जा. "बाहेर पड गं" असं सांगून परत येऊ नका. "चल, माझ्यासोबत देवळापर्यंत" म्हणा. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. शक्यतो रोज तीच वेळ, तीच मैत्रीण.

२. बैठकीची पहिली दहा मिनिटं गोलात उभ्या राहा. एकीनं साधी हालचाल करायची, खांदे फिरवा, टाळी द्या, पाऊल टाका. बाकीच्यांनी तसंच करायचं. मग पुढचीची पाळी. जिला नको वाटेल तिनं बसून टाळ्या वाजवल्या तरी चालेल. जबरदस्ती नको, हसणं तर नकोच.

३. चाललेल्या दिवशी वहीत एक खूण करा. बचतीसारखंच हे थोडं थोडं साठतं.

४. गरोदर असाल, हृदयविकार, चक्कर, गुडघेदुखी किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, तर फुगडी, उड्या नकोत. काय चालेल ते आरोग्य केंद्रात विचारा.

आणि "तुला काय कमी आहे?" हे कधीही म्हणू नका.

एवढ्यावर थांबू नका

गोलात खेळणं म्हणजे थेरपी नव्हे. ती प्रशिक्षित माणूस देतो. आपलं खेळणं उपचाराला जोड आहे, उपचाराऐवजी नाही. आशाताईंशी बोला, जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराचे डॉक्टर असतात. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्या मनानं बंद करू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन मोफत आहे, दिवस-रात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. कुणी 'जगावंसं वाटत नाही' म्हणालं, तर ते बोलणं खरं माना. तिला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि लगेच मदत मिळवा.

आमच्या त्या ताई आता जिल्ह्याला जाऊन औषध घेतात आणि शेजारणीसोबत संध्याकाळी चालतात. वाईट दिवस अजून येतात. गेल्या बैठकीला आल्या, गोलात उभ्या राहिल्या नाहीत, भिंतीला टेकून टाळ्या दिल्या. आमच्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

त्या गटानं त्यांचा दंड माफ केला आणि एक ठराव लिहिला. सदस्य सलग दोन बैठकांना आली नाही, तर दंड लावण्याआधी दोघींनी तिच्या घरी जायचं. या महिन्यात तुमच्याही गटाच्या बैठकीत हा विषय घ्याल का? आणि आज वहीत कुणाच्या नावापुढे 'गैरहजर' लिहाल, तर घरी जाताना तिच्या दारावरून जा.