मजुरीतील न्याय व मजुराचे मन

शेतीच्या उत्पन्नाचा विचार करताना आपण बी, खत, पाणी व बाजारभाव यांचा हिशेब बारकाईने मांडतो; परंतु ज्या हातांनी ही कामे पार पडतात त्यांच्या मागील मनाचा विचार क्वचितच करतो. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत, ही तक्रार प्रत्येक शिवारात ऐकू येते. तिचे मूळ केवळ मजुरीच्या आकड्यात आहे, असे आम्हांस वाटत नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टेसी अ‍ॅडम्स यांनी १९६३ साली असे प्रतिपादन केले की, मनुष्य आपली मजुरी एकटी मोजीत नाही. आपण किती राबलो व काय पावलो, याची तुलना तो शेजारच्याशी करतो. तफावत दिसली की काम सैल करून किंवा सोडून तो ती भरून काढतो.

याच देशातील जेरल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला अनुभव याहून बोधप्रद आहे. दोन कारखान्यांत दहा आठवड्यांपुरते वेतन शेकडा १५ नी कमी करण्यात आले. एका ठिकाणी कारणे सविस्तर सांगून खेद व्यक्त केला. दुसऱ्या ठिकाणी त्रोटक सूचना देऊन काम भागविले. चोरी दोन्हीकडे वाढली. परंतु दुसरीकडे फारच अधिक. वेतन पूर्ववत होताच ती ओसरली. कपात सारखीच होती. वागणूक मात्र निराळी होती.

यावरून शेतकरी बंधूंनी काय घ्यावे? पहिली गोष्ट, माप उघड असावे. कापसाची वेचणी वजनावर ठरली असेल, तर काटा वेचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लागावा. दवाच्या ओलाव्याबद्दल घट धरावयाची असेल, तर तिचे प्रमाण सकाळीच सांगावे. दुसरी, नियम सर्वांस एकच असावा. ओळखीच्यास उशीर माफ व परक्यास अर्धा रोज, हे कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. सारख्या कामास बाईला कमी मजुरी देणे हाही तोच अन्याय होय. तिसरी, पाडव्यास सालगड्याशी ठराव करताना साल, उचल व खाड्यांचा हिशेब वहीत लिहून त्यास वाचून दाखवावा. चौथी, त्याचे म्हणणे पुरते ऐकल्याशिवाय पैसे कापू नयेत.

मात्र गोड बोलून कमी मजुरी पचविता येईल, असा अर्थ कोणी काढू नये. कारणे नीट सांगितलेल्या कारखान्यातही चोरी थोडी वाढलीच होती. रास्त मजुरी हा पाया होय; उघड व्यवहार ही त्यावरील भिंत. पाया देण्यास पैसा लागतो. परंतु भिंतीस केवळ सचोटी पुरते, आणि सुगीच्या ऐन घाईत मजूर कोणाच्या बांधावर प्रथम येतो, हे बव्हंशी तिच्यावरच ठरते.