लांबचा मार्ग, थोडका वेळ

अंतर जितके अधिक, तितका प्रवासास वेळ अधिक, हा आपला नित्याचा अनुभव आहे. परंतु आकाशमार्गाने जाणाऱ्यास हा हिशेब नेहमीच लागू पडतो असे नाही. दिल्लीहून अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को या शहरी जाणाऱ्या विमानाचेच उदाहरण घ्या.

मुलांनो, पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये एक दोरा ताणून धरा. तो उत्तरेकडे चढत जातो आणि चीन, सायबेरिया, आर्क्टिक महासागर व अलास्का यांवरून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचतो. हे अंतर सुमारे 12,400 किलोमीटर भरते. सपाट नकाशावर हा मार्ग वाकडा दिसतो. पण गोल पृथ्वीवर तोच सर्वांत जवळचा होय. मात्र वैमानिकाला नेहमीच दोऱ्याप्रमाणे जाता येत नाही. वाटेतील उंच पर्वत, हवामान आणि अडचणीच्या वेळी उतरण्यास लागणारे विमानतळ यांचा त्याला विचार करावा लागतो. म्हणून पूर्वी एअर इंडियाचे विमान पश्चिमेकडे, अटलांटिक महासागरावरून, सुमारे 13,900 किलोमीटर जात असे.

16 ऑक्टोबर 2016 रोजी मात्र ते उलट दिशेला, पूर्वेकडे निघाले. पॅसिफिक महासागर ओलांडून त्याने सुमारे 15,300 किलोमीटर प्रवास केला. मार्ग 1,400 किलोमीटरांनी वाढला. तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास कमी वेळात पोहोचले!

हे कसे घडले? जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर वाऱ्याचे प्रबळ प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असतात. उष्ण व थंड प्रदेशांच्या तापमानातील फरक आणि पृथ्वीचे भ्रमण यांमुळे ते निर्माण होतात. समजा, विमानाचा स्वतःचा वेग ताशी 900 किलोमीटर आहे आणि वाऱ्याचा 100. वाऱ्याबरोबर जाताना विमान ताशी 1,000 किलोमीटर अंतर तोडील. वाऱ्याविरुद्ध जाताना केवळ 800. नदीच्या ओघाबरोबर पोहणाऱ्यास आणि ओघाविरुद्ध पोहणाऱ्यास हा भेद सांगावा लागत नाही.

या प्रवासात आणखी एक नवल घडले. विमान दिल्लीहून रविवारी पहाटे निघाले. वाटेत सूर्य उगवला आणि मावळलाही. पॅसिफिक महासागरातील आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताच पंचांगाचे पान मागे उलटले आणि शनिवार आला! सॅन फ्रान्सिस्कोला विमान उतरले, तेव्हा तेथे रविवारचीच पहाट होती. एकाच रविवारी प्रवाशांना दोन सूर्योदय लाभले.

नकाशावरील रेषा आपल्याला अंतर सांगते. वेळ सांगावयाची तर वाऱ्याचीही साक्ष काढावी लागते. ज्याला वाऱ्याचा स्वभाव कळला, त्याला लांबची वाटही जवळची होते.